कुत्र्याचं 'ॲडव्हान्स्ड ओबिडियन्स' म्हणजे नेमकं काय?

टेकडीवाली | ३ जून, रात्री १०:४०

आमची बुंदी अडीच वर्षांची झाली. गावठी, पौड रोडला भर पावसात सापडलेली. बस, झोप, थांब, ये आणि सोड, एवढं आम्ही घरच्या घरी शिकवलंय. मागच्या महिन्यात एका ट्रेनरना बोलावलं होतं. त्यांनी दहा मिनिटं तिला पाहिलं आणि म्हणाले, बेसिक छान झालंय, आता ॲडव्हान्स्ड कोर्स लावा. ४० सेशन्स, ३५,००० रुपये. त्यात काय येतं विचारलं तर यादीच दिली: नमस्ते करणे, लोळणे, गोल फिरणे, मेल्याचं सोंग घेणे, दार लावणे, तोंडात पिशवी धरून चालणे.

त्यानंतर चारच दिवसांनी सकाळी वेताळ टेकडीवर गेलो होतो. नेहमीप्रमाणे लीश (पट्ट्याची दोरी) काढली. झाडीत मोर ओरडला आणि बुंदी सुटली ती थेट खाणीच्या बाजूला. मी 'ये, ये' म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडले. एकदाही मान वळवली नाही तिने. अकरा मिनिटांनी स्वतःहून परत आली, जीभ बाहेर, अंगाला कुसळं. ती अकरा मिनिटं मी खाणीच्या कडेला उभी राहून खाली बघत होते. तेव्हापासून नीट झोप लागत नाहीये.

मला कळत नाहीये की 'ॲडव्हान्स्ड' म्हणजे त्या यादीतलं की त्या सकाळी जे आमच्याकडे नव्हतं ते? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा, प्लीज.

रानवारा | ३ जून, रात्री ११:१५

यादीतल्या गोष्टी वाईट नाहीत. कुत्र्याला मजा येते, घरच्यांनाही येते. पण त्यांना करामती म्हणतात, ओबिडियन्स (आज्ञापालन) नाही. ३५,००० रुपये देऊ नका.

मी साताऱ्याजवळ राहतो. घरी दोन कारवानी आहेत. ही जात नजरेने शिकार करणारी, ससा दिसला की कान बंदच होतात म्हणा ना. पहिल्या कुत्रीने ससा पाहून हायवे ओलांडला होता. वाचली, ते तिचं नशीब. दुसऱ्याच्या वेळी मी दीड वर्ष फक्त दोनच गोष्टींवर काम केलं: पळता पळता जागच्या जागी झोपणं, आणि बोलावल्यावर येणं. बाकी काही येत नाही त्याला, शेकहँडसुद्धा नाही. पण मागच्या सुगीत ससा उठला, हा सुटला, मी 'झोप' म्हणालो आणि गडी चाळीस पावलांवर सरीत आडवा झाला. सगळं अंग थरथरत होतं, पण उठला नाही. मी चालत जाऊन लीश लावली आणि तिथेच खाली बसलो त्याच्याजवळ.

एक सांगायचं राहिलं. मोर वन्यजीव कायद्याच्या (१९७२) अनुसूची १ मध्ये आहे. जिथे मोर आहेत तिथे तयारी होईपर्यंत कुत्रा मोकळा सोडूच नका. १० मीटरची लांब दोरी घ्या. राग मानू नका.

टेकडीवाली | ३ जून, रात्री ११:३२

राग कसला, बरोबर आहे तुमचं. दोरी उद्याच आणते.

समिधा_न्यूजर्सी | ४ जून, सकाळी ६:०५

विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

इकडे अमेरिकेत या शब्दाला बऱ्यापैकी पक्का अर्थ आहे, कारण अमेरिकन केनेल क्लबच्या ओबिडियन्स स्पर्धा. सुरुवात १९३३ ची. हेलन व्हाइटहाउस वॉकर यांच्याकडे पूडल होते, आणि लोक समजायचे की पूडल म्हणजे नुसता नटवून ठेवायचा कुत्रा. हा समज खोडायला त्यांनी न्यूयॉर्कजवळ माउंट किस्कोला पहिली चाचणी भरवली. १९३६ पासून क्लबने ती अधिकृत केली. तीन मुख्य पायऱ्या आहेत: नॉव्हिस, ओपन, युटिलिटी. प्रत्येक पायरीला २०० गुण. पास व्हायला किमान १७० लागतात आणि शिवाय प्रत्येक प्रकारात निम्म्याहून जास्त. असं तीनदा पास झालं की ती पदवी मिळते. सगळे ॲडव्हान्स्ड म्हणतात ते ओपन आणि युटिलिटीला.

आता त्यात काय असतं ते बघा, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. ओपनमध्ये एक प्रकार आहे: कुत्रा लांब बसलेला, तुम्ही 'ये' म्हणता, तो पळत सुटतो, आणि मध्येच परीक्षकाने खूण केली की तुम्ही 'झोप' म्हणायचं. तिथल्या तिथे आडवा व्हायला हवा. मग परत बोलवायचं. म्हणजे रानवारांनी सरीत केलं तेच! यातली अडचण ज्यांनी केलंय त्यांनाच कळते. दर वेळी मध्ये थांबवलंत तर तिसऱ्या दिवसापासून कुत्रा येतानाच रेंगाळायला लागतो, आता थांबवणारच आहे म्हणून. म्हणून सात-आठ वेळा सरळ येऊ द्यायचं, भरभरून कौतुक करायचं आणि एखाद्या वेळीच थांबवायचं.

युटिलिटीत एक प्रकार पूर्ण मुक्याने करायचा असतो. चाल, उभा राहा, झोप, बस, ये, सगळं फक्त हाताच्या खुणेने. आणि मग वासाची परीक्षा, जिच्यासाठी मी या छंदात पडले.

पाच धातूच्या आणि पाच चामड्याच्या डंबेलसारख्या वस्तू असतात. त्यातली एक तुम्ही हाताने चोळून तिला तुमचा वास लावता. बाकीच्या स्टुअर्डने (स्पर्धेतल्या मदतनिसाने) हाताळून जमिनीवर मांडलेल्या असतात. तुमची वस्तू त्यांच्यात ठेवताना तुम्ही आणि कुत्रा पाठ करून उभे. मग वळायचं, कुत्र्याला पाठवायचं, आणि त्याने वीसेक फुटांवरच्या त्या ढिगातून तुमचीच वस्तू शोधून आणायची.

आमचा पेढा (गोल्डन रिट्रीव्हर, सात वर्षांचा) पहिल्यांदा हे खऱ्या अर्थाने शिकला तो दिवस आठवतो. गॅरेजमध्ये सराव चालू होता. बाकीच्या वस्तू मी स्वयंपाकघरातल्या चिमट्याने मांडायचे, हात लागू नये म्हणून. त्या दिवशी मांडायला नवऱ्याला सांगितलं, म्हणजे माझी कुठली ते मलाही ठाऊक नव्हतं. पेढा गेला. पहिल्या दोन नुसत्या ओलांडल्या. तिसरीवर नाक टेकवलं, पुढे गेला, पाचवीवरून परत फिरला. त्याच्या श्वासाचा आवाज बदलला, आधी लांब लांब होता तो एकदम बारीक, भराभर, आणि खालचा जबडा किंचित थरथरायला लागला. मी हात मागे बांधून छताकडे बघत होते, कारण माझी नजर जिथे जाते तिथे तो जातो. दहा-बारा सेकंद गेली असतील. मग त्याने तिसरी उचलली आणि घेऊन आला. माझीच होती. गॅरेजच्या फरशीवर बसून मी रडले.

इतकी वर्षं उत्तर मला माहीत असायचं आणि तो माझ्याकडून काढून घ्यायचा. त्या दिवशी उत्तर त्याच्याकडे होतं. माझ्यासाठी ॲडव्हान्स्डची व्याख्या हीच आहे. हुकूम नवीन नसतात फारसे. त्यांच्यामागची आपली मदत काढून घेतलेली असते. हात काढला, खाऊ काढला, आवाज काढला, जवळ असणं काढलं, शेवटी उत्तरही काढलं. एवढं करूनही जे उरतं ते कुत्र्याला खरंच आलेलं.

टेकडीवाली, बुंदीसारख्यांसाठी एक. २०१० पासून इकडे मिश्र जातीच्या कुत्र्यांनाही या स्पर्धांमध्ये उतरता येतं. आमच्या क्लबमध्ये भारतातून आणलेली एक गावठी कुत्री आहे, ओपनची तयारी करते आहे. नाकाच्या कामात ती आम्हा सगळ्यांच्या पुढे आहे.

निवृत्त_श्वानहस्तक | ४ जून, दुपारी २:२०

नमस्कार. मी पोलिसांच्या श्वान पथकात २२ वर्षे काढली, आता गावी असतो. समिधाताईंनी लिहिलेले पटले. आमच्याकडची पद्धत थोडी सांगतो.

कुत्रा कुठल्याही कामाचा असो, माग काढणारा, बॉम्ब शोधणारा, अमली पदार्थांचा, पहिले काही आठवडे निव्वळ आज्ञापालन. सिट, डाऊन, स्टे, हील (पायाला लागून चालणे), रांगणे, सलामी. त्यातली सलामी लोकांना आवडते, पण आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग अन्न नाकारण्याचा. अनोळखी माणसाने समोर मटण ठेवले तरी तोंड लावायचे नाही. विषाचा धोका असतो. हे शिकवायला सर्वांत जास्त वेळ जातो आणि यातच बरेच कुत्रे मागे पडतात.

त्यानंतर वासाचे काम. मुंबई पोलिसांच्या झंजीरचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने तीन टनांहून जास्त आरडीएक्स शोधून दिले. स्फोटक सापडल्यावर कुत्र्याने ओरबाडायचे नाही, भुंकायचे नाही, गप्प बसून दाखवायचे. म्हणजे बघा, एवढ्या मोठ्या कामाच्या शेवटी येते ते साधे 'बस'च. फक्त ते कोणी न सांगता आलेले असते.

काळजीपोटी एक सांगतो. बाजारात ॲडव्हान्स्डच्या नावाखाली 'गार्ड ट्रेनिंग' विकतात, बाहीला चावायला लावतात. घरच्या कुत्र्याला हे अजिबात करू नका. आमच्याकडे चावणाऱ्या कुत्र्यामागे चोवीस तास एक माणूस जबाबदार असतो. तुमच्याकडे लहान मुले येतात, गॅस सिलेंडरवाला येतो.

मीनल_ठाणे | ४ जून, रात्री ९:५०

काका, खूप आभार. मला माझा अनुभव लिहायचाच आहे, कारण आमची चूक दुसऱ्या कोणी करू नये.

आमचा जर्मन शेफर्ड आम्ही सहा आठवड्यांसाठी एका फार्मवर ट्रेनिंगला ठेवला होता. नाव देत नाही. दर रविवारी व्हिडिओ यायचे. लीशशिवाय पायाला चिकटून चालतोय, दहा मिनिटं हलत नाहीये, समोरून कोंबड्या गेल्या तरी बघत नाहीये. आम्ही खूश. घरी आला तो पाच किलोने कमी होऊन. पहिल्या संध्याकाळी मी केर काढायला झाडू उचलला तर तो सोफ्यामागे गेला आणि तिथेच शू झाली. मानेखाली केस गेलेली दोन गोल चट्टे होते. डॉक्टर म्हणाले, शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा पट्टा) बराच काळ एकाच जागी घट्ट बांधल्याने होतात असे.

आणि इतकं सोसून त्याला आमच्या घरी काय येत होतं? काहीच नाही. ट्रेनरच्या आवाजात 'स्टे' म्हटलं तर थिजायचा. माझ्या आवाजाला नुसता बघत राहायचा. वर्ष गेलं त्याला पुन्हा माणसात आणायला. तेव्हा मला कळलं की कुत्र्याला एका मैदानात एका माणसाकडून आलेलं दुसऱ्या घरात आपोआप येत नाही. आणि व्हिडिओत जे हलत नव्हतं ते शिक्षण नव्हतं, भीती होती. फरक कुत्र्याच्या शेपटीत आणि कानात दिसतो, मला तेव्हा बघता आला नाही.

समिधा_न्यूजर्सी | ५ जून, सकाळी ५:४०

मीनल, वाचून पोटात कालवलं. वेल्समध्ये २०१० पासून शॉक कॉलरवर बंदी आहे, आणि तिथले कुत्रे काही बेशिस्त झालेले नाहीत. इकडे स्पर्धेत कुत्रा दबून, शेपूट घालून काम करायला लागला की ते परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं. अचूक असलं तरी तसं काम बघवत नाही.

वाडीकर | ५ जून, सकाळी ८:१५

सगळं वाचलं. मन दुखवायचा हेतू नाही, पण मला हे पटत नाही. सावंतवाडीकडे आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या कुत्रे आहेत. खळ्यात असतात, रात्री राखण करतात, हाक मारली की येतात. कोणी कधी शिकवलं नाही. प्राण्याला प्राण्यासारखं जगू द्यावं. दोनशेपैकी एकशे सत्तर हे कुत्र्याला कशाला हवं?

रानवारा | ५ जून, सकाळी ९:००

दादा, खळं असतं तर मीही शिकवलं नसतं. तुमच्या कुत्र्यांना मोकळी जागा आहे, काम आहे, आणि हाकेला येणं ती आधीच्या कुत्र्याकडून बघून शिकतात. ते पण शिक्षणच आहे, फक्त आपण केलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याला दिवसातून दोनदा लीशवर खाली नेतात. त्याला मोकळं पळायला मिळावं असं वाटत असेल तर त्याच्या 'ये'वर जीव टाकता आला पाहिजे. माझा कारवानी आज रानात मोकळा पळतो तो या शिक्षणामुळेच. पहिली कुत्री मात्र पुढची आठ वर्षं दोरीलाच राहिली.

वाडीकर | ५ जून, सकाळी ९:२०

हे मात्र पटलं.

इसारकाठ | ५ जून, दुपारी १:३०

म्युनिकहून. इकडे आयजीपी नावाचा मोठा क्रीडाप्रकार आहे: माग काढणं, आज्ञापालन, संरक्षण, प्रत्येकी १०० गुण. पण त्याच्या आधी बीएच नावाची सोबती कुत्र्याची परीक्षा द्यावीच लागते, आणि मला विचाराल तर घरगुती कुत्र्यासाठी तीच खरी. मैदानातला अर्धा भाग झाल्यावर सगळे रस्त्यावर जातात. शेजारून सायकल जाते, धावणारा माणूस जातो. मग कुत्र्याला बांधून मालक दिसेनासा होतो आणि समोरून दुसरा कुत्रा नेतात. गप्प राहायला हवं. मैदानातही एक कुत्रा काम करत असतो तेव्हा दुसरा बाजूला आडवा पडून असतो. आणि मालकाला लेखी परीक्षा! ती मला फार आवडली. मी कुत्र्यापेक्षा जास्त अभ्यास केला होता.

भारतात केनेल क्लब ऑफ इंडियाच्या शोमध्येही ओबिडियन्सच्या चाचण्या असतात. पुण्या-मुंबईत शो असेल तेव्हा रिंगच्या कडेला तासभर उभं राहून बघा. ट्रेनर निवडायचा असेल तर त्याचा स्वतःचा कुत्रा बघा.

टेकडीवाली | ५ जून, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रेनरना नाही म्हणून कळवलं. पण आता सुरुवात कुठून करू? बुंदीला 'बस' पक्कं येतं असं मला वाटतं. ते खरंच येतं का, हे कसं तपासायचं?

समिधा_न्यूजर्सी | ६ जून, सकाळी ५:५५

कॅरेन प्रायर मूळच्या डॉल्फिन शिकवणाऱ्या, हवाईत. त्यांची कसोटी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. शब्द म्हटला की ती कृती लगेच होते. न म्हणता होत नाही. दुसऱ्या शब्दाला ती कृती होत नाही. आणि या शब्दाला दुसरी कृती होत नाही. चारही जमलं तर शब्द आला.

घरी असं करा. कमरेची खाऊची पिशवी काढून आत ठेवा, हातात चहाचा कप घ्या, बुंदीकडे पाठ करा आणि नेहमीच्या आवाजात एकदाच 'बस' म्हणा. एकदाच हं. मोबाइल टेबलावर टेकवून व्हिडिओ घ्या. मग जमिनीवर उताणं झोपून म्हणा. मग दुसऱ्या खोलीतून. दहापैकी किती ते लिहा.

तिथून पुढे अंतर, वेळ आणि व्यत्यय. एका वेळी एकच वाढवायचं. अंतर वाढवलं की वेळ कमी. नवीन जागा आली की सगळंच कमी, अगदी पहिल्या दिवसासारखं. दहापैकी आठ जमले की पुढे, पाच आले की मागे. मागे येण्यात कमीपणा नाही, पेढ्याला घेऊन मी अजून येते.

टेकडीवाली | ६ जून, रात्री ११:००

केलं. समोरून दहापैकी दहा. पाठ करून दोन.

व्हिडिओ तीनदा पाहिला. मी 'बस' म्हणताना उजवा खांदा किंचित वर जातो आणि हात खिशाकडे वळतो. ती ते बघून बसत होती. अडीच वर्षं. पाठ केल्यावर ती उठून माझ्यापुढे आली, मान वाकडी करून माझा खांदा शोधायला लागली. इतकी मनापासून प्रयत्न करत होती बिचारी. टेकडीवर तिने ऐकलं नाही म्हणून मी तिच्यावर चिडले होते. 'ये'चं पण असंच असणार. माझ्या पुढे वाकण्यालाच ती येत असेल, आणि मोराच्या मागे धावताना मी तिला दिसणार कुठे?

निवृत्त_श्वानहस्तक | ७ जून, सकाळी ७:३०

ताई, हे पहिल्याच आठवड्यात सापडले, ही मोठी गोष्ट. आमच्याकडे नव्या हस्तकाला (कुत्रा हाताळणाऱ्याला) हात मागे बांधून उभे करतात ते याचसाठी. 'ये'ला नवा शब्द घ्या, जुना वापरून बोथट झालाय. किंवा शिट्टी घ्या. शिट्टीला राग येत नाही, दर वेळी आवाज सारखा. आधी घरात, शिट्टी आणि लगेच उकडलेले चिकन, दिवसातून पाच-सहा वेळा. आठवडाभर टेकडीचे नाव काढू नका.

टेकडीवाली | २८ जून, रात्री ९:१५

तीन आठवड्यांचा हिशोब लिहिते. 'बस' पाठ करून दहापैकी नऊ. उताणं झोपून सहा, अजून गोंधळते, येऊन तोंड चाटते. शिट्टी घरात दहापैकी दहा, पार्किंगमध्ये नऊ, सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर भटकी कुत्री असताना चार. चार आले म्हणून परत पार्किंगला आलोय.

आज सकाळी टेकडीच्या पायथ्याशी १० मीटरच्या दोरीवर होतो. झुडपात तित्तिर फडफडला. बुंदी ताठली, पुढचा पाय उचलला. मी तिच्या मागे होते, तिला दिसत नव्हते. शिट्टी वाजवली. एक क्षण तिचे कान झुडपाकडेच होते, मग एक कान माझ्याकडे वळला, मग दुसरा, मग सगळी बुंदी. दोरी ताणली गेली नाही.

रानवारा | २८ जून, रात्री ९:२२

खिशात होतं नव्हतं ते सगळं चिकन दिलंत ना?

टेकडीवाली | २८ जून, रात्री ९:२५

सगळं. उद्या पुन्हा पार्किंग, भटक्या कुत्र्यांपासून चाळीस पावलं लांब.